स्टेपनीची जागा

१९७० साली सुझुकीने जपानात एलजे-१० नावाची चिमुकली फोर बाय फोर विकायला काढली. इंजिन ३५९ सीसीचं, टू-स्ट्रोक. तेवढ्या ताकदीच्या मोटरसायकली आज गल्लोगल्ली दिसतात. पण नजर अडकते ती तिच्या स्टेपनीवर. जीपच्या घराण्यातल्या गाड्या स्टेपनी बाहेर मिरवतात. हिची मात्र आत, मागच्या एका माणसाची जागा खाऊन बसलेली. ही सोय रस्त्यासाठी नव्हती, कायद्यासाठी होती. जपानातल्या सवलतीच्या 'केई' गाडीला तीन मीटर लांबीची आणि ३६० सीसीची मर्यादा होती, आणि पाठीवर चाक टांगलं असतं तर लांबी हद्दीबाहेर गेली असती. म्हणून माणूस कमी केला, चाक आत घेतलं. एवढ्या काटकसरीतून जन्मलेलं घराणं पुढे डोंगरदऱ्यांत नाव काढतं, हा मला योगायोग वाटत नाही. आडवाटेच्या गाडीत लहानपण ही तडजोड नसते, ती पात्रता असते.

ऑफ-रोडिंगची गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे आधी ताकद विचारली जाते. प्रत्यक्षात चिखलाला हॉर्सपॉवर कळत नाही, वजन कळतं. म्हैस रुतते तिथून शेळी निघून जाते, इतकं ते साधं आहे. सुझुकीच्या त्याच घराण्यातली पाच दारांची जिम्नी साधारण १२०० किलोची. थार फोर बाय फोर पावणेदोन टनांच्या आसपास. पाचेकशे किलोंचा हा फरक डांबरावर जाणवणार नाही, पण रुतलेलं चाक बाहेर काढताना नक्की जाणवेल, कारण तिथे इंजिनापेक्षा मागून ढकलणारे चार खांदे जास्त कामाचे. रुंदीचंही तसंच. थार १८२० मिलिमीटर, जिम्नी १६४५. कोकणातल्या पाणंदीत दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे असतात, पावसाळ्यात त्यांवरून करवंदीच्या फांद्या आत झुकलेल्या असतात. तिथे दोन्ही बाजूंना मिळणारी चार-चार बोटं म्हणजे आरसा शाबूत राहण्याची हमी.

वजनाच्या या हिशेबाचा सगळ्यात देखणा दाखला चिलीत आहे. चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवर ओहोस देल सलादो नावाचा ज्वालामुखी आहे, ६८९३ मीटर उंचीचा, जगातला सर्वात उंच. तिथे झाड नाही, रस्ता नाही. सुटी खडी, बर्फ आणि निम्म्यावर आलेली हवा. हवा निम्मी म्हणजे साध्या इंजिनाची ताकदही जवळपास निम्मी. २००७च्या मार्चमध्ये जीप रँग्लर घेऊन आलेल्या जर्मन पथकाने ६६४६ मीटर गाठले आणि तिथे एक पाटी रोवली: ही जागा जीपच्या पार्किंगची, एरवी बाकीच्यांना इथवर येणं जमायचं नाहीच, अशा अर्थाची. महिना-दीड महिना गेला असेल. एप्रिलच्या २१ तारखेला चिलीचे गोन्सालो ब्राव्हो आणि एदुआर्दो कानालेस आपली सुझुकी सामुराई घेऊन ६६८८ मीटरवर पोचले. जीपच्या विक्रमाहून ४२ मीटर वर! म्हणजे बारा-चौदा मजली इमारतीएवढंच. पण त्या उंचीवर एकेक मीटर भांडून मिळवावा लागतो. गाडीत बरेच बदल केलेले होते, हे खरंच. शोरूममधून काढून कोणी थेट तिथे जात नाही. पण बदल जीपमध्येही होते. पुढे इतरांनी हाही विक्रम मोडला, म्हणून काही त्या पाटीची गंमत कमी होत नाही. आणि ही सामुराई आपल्याला परकी नाही. १९८५च्या अखेरीस आलेली मारुती जिप्सी तिच्याच एसजे घराण्यातली. तीन दशकांहून अधिक काळ फौजेने आणि ताडोब्याच्या सफारीने जी राबवली, तीच.

आता अ‍ॅव्हरेजचा प्रश्न. कंपनी जिम्नीच्या मॅन्युअल गाडीला लिटरला १६.९४ किलोमीटर सांगते. लो रेंज टाकून दगडांतून रांगताना या आकड्याला काही अर्थ उरत नाही; तिथे पेट्रोल किलोमीटरवर नाही, तासांवर जळतं. पण खरं गणित वेगळंच आहे. आडवाटेच्या सहलीतही बहुतेक अंतर घाटाचं आणि हायवेचं असतं, आडवाट शेवटची चार-पाच किलोमीटर. त्यामुळे हलकी गाडी जे वाचवते ते वाटेतच वाचवते. यावर हिशेबी माणूस विचारेल की एवढ्या शेवटच्या तुकड्यासाठी फोर बाय फोर कशाला, उंच बांध्याची साधी गाडी नाही का चालणार? कोरड्या दिवसांत चालेल, आणि बऱ्याच जणांनी तीच घ्यावी. पण ओल्या लाल मातीच्या चढावर पुढची दोन चाकं जागच्या जागी फिरू लागली की ग्राउंड क्लिअरन्स कामाला येत नाही. तिथे मागच्या चाकांनी जोर लावावा लागतो. हायवेवर ओव्हरटेक करताना जिम्नीचं इंजिन धापा टाकतं, हा आक्षेप मात्र मी बिनतक्रार मान्य करतो. घाई असणाऱ्याने ती घेऊ नये.

खरी अडचण खिशाची आहे, आणि ती पुन्हा कायद्याकडेच नेते. २०२५च्या सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतल्या गाडीला १८ टक्के जीएसटी, पण पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आणि डिझेल १५०० सीसीच्या आत असेल तरच. जिम्नी ३९८५ मिलिमीटरची, म्हणजे लांबीत पास. इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ४० टक्के. नाशिकात बनणाऱ्या थारचं बघा: दीड लिटर डिझेलची, फक्त मागची चाकं ओढणारी थार १८ टक्क्यांत, चारही चाकं ओढणारी मात्र मोठ्या इंजिनामुळे ४० टक्क्यांत. जपानच्या नियमाने छोटी फोर बाय फोर घडवली. आपला नियम गिऱ्हाइकाला दोन चाकांकडे वळवतो. जुनी जिप्सी घ्यावी, तर पाट्यांची स्प्रिंग कंबरेचा हिशेब मागते. ज्याला परवडेल त्याने जिम्नी घेताना एक गोष्ट जरूर पाहावी: छताच्या कडेने जाणारी पन्हळ. बाकीच्या बहुतेक गाड्यांनी ती कधीच काढून टाकली. भर आषाढात दार उघडलं की छतावरचं पाणी ती बाजूला नेते, सीटवर ओतत नाही. गाड्यांच्या जाहिरातींत सनरूफ मिरवतं, पन्हळीचा उल्लेखही नसतो. चार महिने कोसळणाऱ्या मुलखात हा क्रम उलटा हवा.