ड्रममधली काळी भुकटी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नाशिकहून देवळ्याला येताना आईला मळमळू लागले म्हणून भावडबारी घाटात गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढून खाली उतरलो, तर गाडी हळूहळू मागे सरकू लागली! आमच्या सौ.ने धावत जाऊन चाकाखाली दगड लावला, म्हणून निभावले.

गाडी मारुती 800. 1983 साली ही गाडी रस्त्यावर आली, 2014 साली तिचे उत्पादन थांबले. आमची आता उतारवयातली. तिच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू, त्यांवर लायनर. पायाने ब्रेक दाबला की शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासून चाक थांबवतात. हँडब्रेकही त्याच शूंना ताणतो. केबल ताणून पाहिली, फरक पडेना. म्हणजे लायनर संपले होते.

मी बी.कॉम. झालेला कारकून. पाना धरायची सवय नाही, पण महिनाअखेर होती, मजुरी वाचवू म्हटले. गल्लीतला एक एकोणीस वर्षांचा मुलगा गॅरेजात कामाला जातो. रविवारी तो मदतीला आला. पुढच्या चाकांना दगड लावले, नट सैल केले, जॅक चढवला. नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून खाली भक्कम ठोकळे दिले. हँडब्रेक सोडून ड्रम ओढला आणि काळी भुकटी सांडली. पोराने सवयीने तोंड जवळ नेऊन फुंकर मारली.

"अरे बाळा, तोंड मागे घे!"

"काही व्हत नही काका. आम्ही रोज हवेच्या पाइपाने उडवतो."

"आणि मास्क?"

"कोरोनात होता."

ही भुकटी म्हणजे लायनरची झीज. उष्णता सोसते म्हणून लायनरमध्ये वर्षानुवर्षे ॲस्बेस्टॉस घालीत. त्याचे बारीक तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार वर येतो तो वीस, तीस, चाळीस वर्षांनी. नव्या लायनरमध्ये ते नसेलही, पण आधीच्या मालकाने कोणते बसवले होते याची पावती काही ड्रममध्ये सापडत नाही.

27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितले, की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कामगाराच्या तब्येतीची नोंद 40 वर्षे जपून ठेवण्याचा आदेशही त्यात आहे. मंडळाच्या बैठकांत हे कलम मी अनेकदा समजावून सांगितले असेल. पण समोर बसलेल्या या पोराचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. त्याची नोंद कोण ठेवणार?

मग साबणाच्या पाण्याची बादली आणली. ओल्या फडक्याने भुकटी टिपून घेतली, फडकी पिशवीत बांधून टाकली. कोरडा ब्रश नाही, फुंकर नाही. संध्याकाळी सौ. आमचे कपडे झटकायला निघाली, तिलाही थांबवले. ते वेगळे भिजवले.

पुढचे काम पोराचेच. एका वेळी एकच चाक उघडायचे, म्हणजे स्प्रिंग कुठे अडकते ते दुसऱ्या बाजूला पाहता येते, ही युक्ती त्याची. लायनर मात्र दोन्ही चाकांचे बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. ड्रम उघडा असताना माझी धाकटी गाडीत चढून ब्रेकवर पाय ठेवणार, तोच तो ओरडला. दाबला असता तर आतल्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडून ब्रेक ऑइल सांडले असते. मला हे माहीत नव्हते.

सगळे बसवून ब्रेक चारपाच वेळा दाबून पाहिला, हँडब्रेक जुळवला आणि जाणत्या मिस्त्रीला दाखवूनच गाडी बाहेर काढली. चढावर उभी केली. हलली नाही.

सोमवारी पोरगा साबणपाण्याची बाटली घेऊन कामावर गेला. संध्याकाळी विचारले तर म्हणाला, "मिस्त्री हसले." बाटली मात्र अर्धी रिकामी होती.