दोन आंकडे आणि सहा कृत्तिका

आकाशदर्शनाकरितां दुर्बीण घ्यावी असा यंदा आमच्या घरांत बेत ठरला, तेव्हां जितकी अधिक पट तितकी उत्तम, असें बहुतेकांचें मत पडलें. आम्हीं मात्र ७×५० चा हट्ट धरिला. समुद्रावरील लोक हेंच माप पसंत करितात, असें पूर्वीं वाचलेलें होतें. आणि मास्तराचें वाचलेलें सहसा सुटत नाहीं.

या दोन आंकड्यांपैकीं पहिला, वस्तु किती पट मोठी दिसते तें सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्यानें भागिलें कीं डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी निघते. येथें ती सुमारें ७. तरुण माणसाची बाहुली काळोखांत तितकी उघडते. साठी उलटल्यावर ती बहुधा ५ च्या आसपास थांबते. हा भागाकार आमच्या नातीनें दुकानांतच केला आणि हळूच विचारलें, "आजोबा, उरलेला उजेड कुठें जायचा?" आम्हांस उत्तर सुचेना. आमच्या डोळ्यास ती दुर्बीण ७×३५ चीच ठरणार होती! १०×५० चा भागाकार नेमका ५. परंतु ती उचलतांच हाताचा कंप दहापट होऊन समोरची पाटी नाचूं लागली. शेवटीं ८×४२ घेतली. तिच्यांतून चष्म्यासकट पुरें वर्तुळ दिसत होतें. घेण्यापूर्वीं दूरची विजेची तार एकच दिसते ना, हें मात्र पाहिलें. दोन दिसल्या, तर आंतले लोलक सरकलेले समजावे.

आतां एक कबुली. कृत्तिका सहा, असें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. गेलीं कांहीं वर्षें मात्र तेथें आम्हांस नुसता पुसट डाग दिसे. तरीहि मुलांपुढें बोट धरून आम्ही सहा मोजीत असूं. घरांत हें कोणास ठाऊक नव्हतें.

मार्गशीर्षांतल्या एका रात्रीं गच्चीवर आरामखुर्चीच्या हातांवर कोपरें टेकलीं. प्रथम मधल्या चाकानें डावा डोळा जुळविला, मग निराळ्या कड्यानें उजवा. सहा तर दिसल्याच. पण त्यांच्या भोंवतीं इतक्या चांदण्या, कीं मोजणीच राहिली.

"किती आहेत, आजोबा?"

"तूंच मोज," म्हणून आम्हीं दुर्बीण तिच्या हातीं दिली, आणि चष्मा पुसावयास घेतला.