आत येऊ का?

परीक्षा तोंडावर आली की मला कादंबऱ्या वाचायची हुक्की येते. हा दोष माझ्या एकटीचा नसावा. आमच्या वसतिगृहात रात्री अकरानंतर जे दिवे दिसतात, ते सगळेच काही अर्थशास्त्रासाठी जळत नसतात. गेल्या सहामाहीत मी पाच कादंबऱ्या वाचल्या. एक प्रेमाची, दोन भुतांच्या, एक दोन्हींची मिसळ, आणि पाचवी कसली म्हणायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी काही समीक्षक नव्हे. वाचून जे वाटलं तेवढंच सांगणार आहे.

यातलं एक पुस्तक हातात असताना मराठीच्या सरांनी मला गाठलं. मुखपृष्ठ पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "काहीतरी चांगलं वाचावं माणसानं." सरांचा राग आला नाही. असल्या पुस्तकांचं वडीलधाऱ्यांना पहिल्यापासून भय वाटत आलं आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष ठरले. म्हणजे एका प्रेमकथेत भिण्यासारखं काही नाही, हे ठरायला सात वर्षं लागली! तेव्हा सर घाबरले तर नवल नाही. पण घाबरायचं नेमकं कशाला, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात तिथूनच सुरू झाला.

सरांनी पाहिलेलं पुस्तक होतं नारायण धारपांचं ‘लुचाई’. ते स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ या १९७५ च्या कादंबरीवर बेतलेलं आहे, हे कळल्यावर मी ग्रंथालयातून मूळ इंग्रजीही मिळवलं. अमेरिकेतलं एक लहानसं गाव. टेकडीवर एक बदनाम वाडा. त्या वाड्यात एक रक्तपिपासू येऊन राहतो आणि माणसामागून माणूस करत सगळा गाव गिळतो. त्यातला एक प्रसंग वाचून मी खोलीची खिडकी लावून घेतली होती. मेलेला शाळकरी मुलगा रात्री आपल्या वर्गमित्राच्या खिडकीबाहेर येतो, काचेवर नखं घासतो आणि म्हणतो, मला आत घे. आत घ्यायला हवंच असतं, कारण बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. हा नियम ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’मध्येही आहे. घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा ‘ये’ म्हटल्याखेरीज त्या सरदारालासुद्धा आत पाऊल टाकता येत नाही.

मला हा नियम फार आवडला. माणसांना नसते तेवढी रीत भुतांना असते.

याच कादंबरीत एक प्रेमकथाही आहे. नायक लेखक आहे, गावातल्या एका मुलीवर त्याचा जीव जडतो. पुढं ती मुलगीही त्या रक्तपिपासूच्या तावडीत सापडते आणि तिच्या छातीत खुंटी ठोकायचं काम नायकालाच करावं लागतं. ते पान मी दोनदा वाचलं. प्रेम आहे म्हणून समोरचं संकट संकट राहत नाही, असं किंग म्हणत नाही. या बाबतीत तो मला पुष्कळ प्रेमकथाकारांपेक्षा प्रामाणिक वाटला.

मग घेतली स्टेफनी मेयरची ‘ट्वायलाइट’. २००५ साली आलेली ही कादंबरी आमच्या वसतिगृहात अजून हातोहात फिरते आहे. आमच्या प्रतीची शेवटची चार पानं सुटी आहेत. सतरा वर्षांची बेला, आणि दिसायला सतराचा पण जन्मानं १९०१ चा एडवर्ड. तो रक्त पिणाऱ्यांच्या जातीतला, पण जनावरांच्या रक्तावर भागवणारा. खोटं कशाला बोलू, दोन रात्रींत संपवली. कुणीतरी आपल्यासाठी शंभर वर्षं थांबलं आहे, ही कल्पना कुणाला नको असते? पण एका जागी मी अडखळले. एडवर्ड रात्री बेलाच्या नकळत तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे पाहत बसतो. एकदा नव्हे, कित्येक रात्री. तिला हे कळतं तेव्हा ती रागावत नाही, मनातून सुखावते. इथं तो उंबरठ्याचा नियम कुणी पाळतच नाही.

माझ्या खोलीतली मैत्रीण बैलहोंगलची. ती शिकली कन्नडमधून, मी मराठीतून. तिला मी हा प्रसंग सांगितला तेव्हा ती जेवत होती. घास तसाच धरून म्हणाली, "अय्यो! आमच्या घरात असा कोण शिरला तर आमचे अण्णा त्याचंच रक्त काढतील. त्याला प्यायला काय उरायचं नाही." आम्ही खूप हसलो. पण हसून झाल्यावर वाटलं, जे किंगच्या पुस्तकात खिडकीबाहेर दिसलं की आपण कापतो, तेच इथं खिडकीतून आत आलं की आपण लाजतो. फरक काय, तर हा दिसायला देखणा आहे.

तिसरी ‘जेन एअर’. ही इंग्रजीच्या अभ्यासाला लावलेली, म्हणून सरांच्या मते चांगली. शार्लट ब्राँटेनं १८४७ साली लिहिलेली. अनाथ, साधी दिसणारी, मानी जेन एका श्रीमंताच्या वाड्यात शिकवणीला राहते आणि त्या मालकाच्या प्रेमात पडते. त्या वाड्यात रात्री-अपरात्री कुणीतरी हसतं. एकदा मालकाच्या बिछान्याला आग लागते. वाचणाऱ्याला वाटतं, भूत आहे. मग लग्नाच्या दिवशी कळतं, भूतबीत काही नाही. ती मालकाची पहिली बायको आहे. तिला वेड लागलं म्हणून त्यानं तिला तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवली आहे.

वर्गात सगळ्यांना जेनची काळजी लागली होती. मला त्या वरच्या बाईची लागली. ती संपूर्ण कादंबरीत एक वाक्यही नीट बोलत नाही. तिच्याविषयी जे काही आपल्याला समजतं ते तिला कोंडणाऱ्याच्या तोंडून. पुढं १९६६ साली जीन ऱ्हीस या लेखिकेनं त्या बाईच्या बाजूनं एक वेगळी कादंबरी लिहिली, असं मॅडमनी सांगितलं. शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, कुणीतरी त्या खोलीची कडी वाजवली म्हणायची.

मला ती बाई का लागून राहिली, ते आता सांगते.

मी तिसरीत असताना माझी आत्ती बाळंतपणासाठी आमच्या घरी आली होती. आमचं घर खानापूर तालुक्यातलं, जुनं, कौलारू. मुलगा झाला. पेढे वाटले. पाचवी झाली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत आत्ती बदलली. झोपेना, जेवेना. स्वतःशी बोलायची, मध्येच ओरडायची. बाळाकडे असं पाहायची की आजीनं ते तिच्यापासून काढून घेतलं. "बाहेरचं लागलंय" असं घरात ठरलं. देवर्षी आला. अंगारा, लिंबू, धूर सगळं झालं. आत्तीला माजघरामागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. आम्हा पोरांना त्या दारासमोरून जायची बंदी होती. मी मात्र एकदा धावत गेले आणि आतून आवाज आला म्हणून किंचाळत परत आले. त्यानंतर कित्येक महिने माझ्या स्वप्नात भूत यायचं, त्याला आत्तीचा चेहरा असायचा.

तीन आठवड्यांनी माझे काका कुणाचं न ऐकता तिला धारवाडला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली. दोन-अडीच महिन्यांत आत्ती सावरली आणि बाळाला घेऊन सासरी गेली. त्याविषयी घरात पुन्हा कुणी बोललं नाही. आजी एवढंच म्हणायची, "उतरलं एकदाचं."

पाचवी कादंबरी मी वाचली असं म्हणण्यापेक्षा ऐकली. माझं कन्नड बाजारापुरतं. अक्षरं जुळवत वाचायला लागले तर एका पानाला अर्धा तास जातो. म्हणून पावसाळ्यातल्या आठ रात्री मैत्रिणीनं मला त्रिवेणी यांची ‘शरपंजर’ वाचून दाखवली. अडलं तिथं मराठीत सांगितली. तिच्यावर पुट्टण्णा कणगाल यांनी १९७१ साली काढलेला चित्रपट तिच्या आईचा फार आवडता, म्हणून पुस्तक घरी होतं. त्रिवेणी हे टोपणनाव. लेखिकेचं नाव अनसूया शंकर. १९६३ साली त्या गेल्या तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती.

कादंबरीची सुरुवात गोड आहे. कावेरीचं आवडीचं लग्न, प्रेमळ नवरा, नांदतं घर. मी म्हटलं, चला, प्रेमकथा दिसते. मग बाळंतपणानंतर कावेरीचं मन ढळतं. तिला रुग्णालयात ठेवतात. ती बरी होते, घरी येते. पण घर तिला बरी मानत नाही. तिनं आवाज चढवला तरी संशय, हसली तरी संशय. नवऱ्याचं मन दुसरीकडे गेलेलं. शेवटी ती पुन्हा कोसळते.

मैत्रीण वाचत होती आणि मी उठून दिवा लावला. तिनं विचारलं, काय झालं? तेव्हा मी तिला आत्तीची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

पुढं मी मानसशास्त्राच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला हा तीव्र मनोविकार होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. तो वेळेवर उपचार केल्यास बरा होतो, पण एक दिवसही दवडू नये, कारण बाई स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय करू शकते. आम्ही तीन आठवडे लिंबं कापत बसलो होतो.

या दिवाळीत मी आत्तीच्या गावी गेले. तिचा मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे. दुपारी ती आतल्या खोलीत धान्य निवडत होती. मी दारात थांबून विचारलं, "आत्ती, आत येऊ?"

"विचारालीस काय? ये की. काय वाचालीस एवढं?"

मी तिला कावेरीची गोष्ट सांगितली. अर्धी झाली तेव्हा तिचा हात सुपावर थांबला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला सगळं आठवत नाही गं. बाळ रडल्याचं ऐकू यायचं, तेवढं आठवतंय. मी दार वाजवायची. कोण उघडत नव्हतं."

त्या दाराच्या दुसऱ्या बाजूला मी होते आणि किंचाळून पळाले होते. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू लहान होतीस."

मग तिनं सूप पुन्हा हातात घेतलं आणि विचारलं, "पुढं काय झालं त्या बाईचं?"

मी म्हटलं, अजून वाचून व्हायची आहे.

खोटं बोलले. पण कावेरीचा शेवट आत्तीला कशाला सांगायचा? तिचा स्वतःचा वेगळा झाला आहे. बाहेर तिचा मुलगा सायकलची साखळी बसवत होता आणि तिथूनच ओरडून चहा मागत होता.