मिस्त्रींचें लुकण

सुताराचा सरस, सोनाराची लाख, पतंगाची खळ हीं सारीं आपल्या परिचयाचीं आहेत. सरस ओलाव्यानें सुटतो, लाख उष्णतेनें वितळते. एपॉक्सी नामक नव्या लुकणाचा स्वभाव मात्र निराळा. स्वित्झर्लंडांत पिअर कास्टान यांनीं १९३८ च्या सुमारास त्यावर काम केलें, आणि १९४६ च्या सुमारास सीबा कंपनीनें तें ॲराल्डाइट या नांवानें बाजारांत आणिलें. एक राळ व दुसरें तिला घट्ट करणारें द्रव्य, अशीं यांत दोन अंगें असतात. तीं एकत्र होतांच त्यांचे रेणू परस्परांत गुंफले जातात, थोडी उष्णता निघते, आणि विरजलेलें दूध जसें पुन्हां दूध होत नाहीं, तसें हेंही मागें फिरत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत ताईच्या परीक्षेसाठीं आम्ही मोटारीनें जालन्यास निघालों असतां बदनापुराजवळ एक धोंडा गाडीच्या पोटास लागला. इंजिनाच्या तेलपेटीस चीर पडून तेल ठिबकूं लागलें. रस्त्याकांठच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं उरलेलें तेल काढून घेतलें, चिरेभोंवतालची जागा काचकागदानें घांसली व पेट्रोलनें दोनदां पुसली. "तेलकट जागेवर ब्रह्मदेवाचं लुकणबी बसायचं नाही," असें ते म्हणाले. मग दोन रंगांच्या वड्या, एकच रंग येईतों, कणकेसारख्या मळून त्यांनीं चिरेवर दाबून बसविल्या. दोन तास आम्ही लिंबाखालीं बसलों.

तेवढ्यांत ब्रेकची नळीही चेपून पाझरत असल्याचें त्यांच्या दृष्टीस पडलें. बाबा म्हणाले, "मिस्त्री, उरलेलं तिथंही लावा की. सकाळीं पोरीचा पेपर आहे."

"नाही साहेब. तेल गळलं तर इंजन जाईल, ब्रेक गेला तर लेकरं जातील. पैसे देऊं नका, पण हें मी करणार नाही."

पाय जोरानें दाबला असतां त्या नळींतील दाब चाकांतील हवेच्या वीस पटींहूनही अधिक होतो, हें आम्हांस मागाहून समजलें. बाबा त्या वेळीं रागावले होते, हें खरें. मिस्त्रींनींच आम्हांस जालन्याच्या मोटारगाडींत बसवून दिलें, व दुसऱ्या दिवशीं नवी नळी घातली. ताईचा पेपर वेळेवर झाला.

इंजिनाच्या उष्णतेनें साधें एपॉक्सी वितळलें नाहीं तरी हळूहळू मऊ पडतें, म्हणून तेलपेटी महिन्याच्या आंत बदला, असें त्यांनीं बजाविलें होतें. तीन आठवड्यांनीं ती उतरविली, तेव्हां लुकणाच्या एका कडेनें तेल पुन्हां पाझरूं लागलें होतें.