कॉनीचे मालक

मुंबई ते न्यूयॉर्क हा प्रवास आता इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यातलं सांगण्यासारखं काही उरत नाही. पुढे शिकागोला लग्न होतं, तेही थाटात पार पडलं. पण या दौऱ्यातलं जे मनात घर करून बसलं, ते जेएफके विमानतळाच्या आवारातच घडलं. दोन विमानांच्या मधली संध्याकाळ मोकळी होती आणि शहरात जायचा मोह मी मुद्दाम टाळला. मला कॉनीला भेटायचं होतं.

कॉनी म्हणजे लॉकहीड एल-१६४९ स्टारलायनर, कॉन्स्टेलेशन घराण्यातली शेवटची पिढी. एकूण ४४ विमानं बनली, त्यांतली जेमतेम चार आज शिल्लक आहेत. एक जर्मनीत, एक फ्लोरिडात, एक दक्षिण आफ्रिकेत आणि ही चौथी इथे, टीडब्ल्यूए हॉटेलच्या मागच्या अंगणात. अंगावर टीडब्ल्यूए या जुन्या विमान कंपनीचे लाल पट्टे आणि पोटात बार.

प्रवासी विमान देखणं असावं, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्या काळातलं हे विमान. जेट विमानांचं धड म्हणजे सरळसोट नळी. कॉनीचं तसं नाही. नाकापासून शेपटीपर्यंत ती माशासारखी वळत जाते. शेपट्या तीन, कारण एकच उंच शेपटी त्या काळच्या हँगरमध्ये मावली नसती. पंखांचा पल्ला १५० फूट. इंजिनं धडापासून लांब सरकवलेली, म्हणजे आत बसणाऱ्यांच्या कानांना त्रास कमी. १९५७ च्या १ ऑक्टोबरला टीडब्ल्यूएच्या अशाच एका स्टारलायनरने लंडनहून सॅन फ्रान्सिस्कोला न थांबता पहिली फेरी केली. २३ तास १९ मिनिटं लागली. पिस्टन इंजिनाच्या प्रवासी विमानाने सलग इतका वेळ हवेत काढल्याचा तो विक्रम होता.

ज्या टर्मिनल इमारतीचं आता हॉटेल झालं आहे, ती एरो सारिनेन या वास्तुकाराने टीडब्ल्यूएसाठी रचली. पंख पसरलेल्या पाखरासारखं तिचं काँक्रीटचं छत आजही मान वर करायला लावतं. ती खुली झाली १९६२ मध्ये. पण पॅन अ‍ॅमने बोइंग ७०७ अटलांटिकपार न्यायला १९५८ च्या ऑक्टोबरातच सुरुवात केली होती. त्याच वर्षी बांधलेली ही कॉनी, त्यामुळे कोवळ्या वयातच जुनी ठरली.

विमानात बार काढणं मला मनातून पटलेलं नव्हतं. जिना चढून आत गेले तेव्हा कपाळावर आठी होतीच. शेजारच्या खुर्चीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ एकटेच बसले होते. समोरचा टोमॅटो ज्यूस तसाच होता. ते खिडकीतून बाहेरच्या इंजिनाकडे टक लावून बघत होते. माझ्या फोनवरचं मराठी बोलणं ऐकून वळले.

"कुठल्या तुम्ही? पुण्याच्या?"

ते मूळचे वेंगुर्ल्याचे. नौदलात इंजिन दुरुस्तीचं काम केलेलं, आता न्यू जर्सीत मुलीकडे आलेले. मुलीला सांगून खास याच्यासाठी विमानतळावर आले होते. "इंजिन तेच हो," ते म्हणाले. "राइट ३३५०. माझी उमेदीची वर्षं दाबोळीला याच इंजिनात गेली."

दाबोळी ऐकून मी खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसले. एअर इंडियाने १९५४ पासून सुपर कॉन्स्टेलेशन उडवली. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर ती मागे पडली आणि हवाई दलाकडे गेली. १९७६ मध्ये नौदलाने त्यांतली काही घेतली आणि गोव्यातल्या दाबोळीच्या ३१२ स्क्वॉड्रनमधून समुद्रावर टेहळणीसाठी वापरली. एकेकाळी लंडनचे प्रवासी नेणारी विमानं अरबी समुद्रावर परक्या जहाजांचा माग काढत होती, आणि त्यांची इंजिनं हे काका राखत होते.

"अठरा सिलिंडर, दोन रांगांत," काकांनी टेबलावर बोटाने दोन वर्तुळं काढली. "प्रत्येकाला दोन प्लग. चार इंजिनांचे मिळून एकशे चव्वेचाळीस. त्यातला बिघडलेला नेमका कुठला, ते हवेतच कळावं म्हणून फ्लाइट इंजिनियरपुढे छोटा पडदा असायचा. त्यावरच्या रेषेचा आकार बघून सांगायचं, तीन नंबरच्या इंजिनात अमुक सिलिंडर."

मग त्यांनी सकाळची पहिली कामगिरी सांगितली. विमान रात्रभर उभं राहिलं की ऑइल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्ट केलं, तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि आतला रॉड वाकतो. म्हणून आधी प्रोपेलर नुसताच फिरवायचा आणि एकाने मोठ्याने पाती मोजायची. ठरलेली पाती बिनअडथळा गेली, की मगच ठिणगी. "मोजणारा मीच असायचो. आवाज खणखणीत होता ना!" आणि विमानातल्या त्या बारमध्ये त्यांनी खरोखरच मोजून दाखवलं. वाढपी मुलगी हातातला ट्रे घेऊन ऐकत उभी राहिली.

धुरातून ताकद परत मिळवणाऱ्या टर्बाइनचं त्यांना फार कौतुक. एकेका इंजिनामागे अशा तीन. बाहेर फेकला जाणारा गरम वायू त्या फिरवतो आणि त्यांचा जोर पुन्हा इंजिनाच्या मुख्य दांड्याला मिळतो. एवढा लांब पल्ला जमला तो यामुळेही, आणि दुरुस्ती करणाऱ्यांची झोप उडाली तीही यामुळेच.

बोलता बोलता अनंत कर्णिकांचं नाव निघालं. ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून बांडुंग परिषदेला निघालेल्या 'काश्मीर प्रिन्सेस' या एअर इंडियाच्या कॉन्स्टेलेशनमध्ये बॉम्ब फुटला. कॅप्टन जटार यांनी पेटलेलं विमान समुद्रावर उतरवण्याची शर्थ केली. १९ जणांपैकी तिघे वाचले. त्यांतले एक देखभाल अभियंता कर्णिक. त्यांनी पुढे या प्रसंगावर पुस्तक लिहिलं. "आम्ही शिकाऊ होतो तेव्हा त्यांच्याबद्दल ऐकायचो," काका म्हणाले. "मेंटेनन्सच्या माणसाचं नाव एरवी कोण घेतं?"

या कॉनीचं पुढे काय झालं, ते मी त्यांना सांगितलं. टीडब्ल्यूएने तिच्यातल्या खुर्च्या काढून तिला मालवाहू केलं आणि नंतर विकलं. अलास्कात प्रुडो बेच्या तेलक्षेत्राकडे तिने सामान वाहिलं. एका लिलावात ती १५० डॉलरला गेली. १९८३ मध्ये गांजाची तस्करी करणाऱ्यांच्या हाती लागली आणि शेवटी होंडुरासमध्ये बेवारस पडली. तिथून मॉरिस राउंडी या विमानवेड्या माणसाने ती मेन राज्यातल्या ऑबर्नला आणली. तिला पुन्हा उडवायचं त्याचं स्वप्न होतं. २००७ मध्ये ती लुफ्तान्साकडे गेली, तीही सुट्या भागांसाठी. लुफ्तान्साला दुसरी स्टारलायनर उडती करायची होती. तो प्रकल्प उड्डाणाआधीच २०१८ मध्ये थांबला. ज्या कॉनीचे भाग काढायचे, तीच मात्र हॉटेलवाल्यांनी विकत घेतली, रंगवली, ट्रेलरवर चढवली आणि मार्च २०१९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमधून मिरवत इथे आणली.

माझ्या कपाळावरची आठी काकांनी ओळखली असावी. "बारला नाकं मुरडू नका," ते म्हणाले. "विमानाला काहीतरी काम लागतं. काम नसलेलं विमान भंगारवाला नेतो." मला ते तिथल्या तिथे पटलं. प्रवासी, पिंपं, गांजा, सुटे भाग, दारूचे पेले. प्रत्येक मालकाने तिला काही ना काही वाहायला दिलं, म्हणून ती राहिली. ज्यांना कोणी काहीच दिलं नाही, त्यांचा पत्रा केव्हाच वितळला.

निघण्याआधी आम्ही कॉकपिटमध्ये गेलो. घड्याळांनी भिंती भरलेल्या. फ्लाइट इंजिनियरच्या जागेपाशी काकांनी एका अमेरिकन मुलाला कुठला दांडा कशाचा ते समजावलं, आणि त्याची आईही रांग अडवून ऐकत राहिली.

दाबोळीच्या ताफ्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन आजही बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात, खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभं आहे. गोव्याला अनेकदा जाऊनही मी ते पाहिलेलं नव्हतं. काकांनी निरोप घेताना बजावलं, "समोरून फोटो काढून परत फिरू नका. इंजिनाच्या खाली जा, वर बघा. टर्बाइनची तोंडं दिसतील. तीन मोजा."