कुंपणाची शाळा

आम्हां शहरी माणसांना कुंपण ठाऊक असते ते म्हणींपुरते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, एवढे दोन दाखले दिले की आमचे ज्ञान संपले! नागपुरात धरमपेठेत राहणाऱ्याला त्याहून अधिकाची गरजही पडत नाही. पण आमच्या नात्यातच कुंपणाचे एक गाढे पंडित आहेत. ते म्हणजे माझे थोरले भाऊजी. पशुसंवर्धनाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते खेडोपाडी जाऊन शेतकऱ्यांना कुंपण शिकवतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर उमरेडकडच्या एका खेड्यात जाण्याचा योग आला. पारावर पंधरा-वीस मंडळी जमली होती. भाऊजींनी एकेक प्रकार उलगडायला घेतला. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण स्वस्त, पण वाळवी लागते, दरसाल नवे करावे लागते. सागरगोटी किंवा घायपाताचे जिवंत कुंपण वर्षानुवर्षे टिकते, पण दाट होईपर्यंत धीर धरावा लागतो. काटेरी तारेचे पेटंट १८७४ साली अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने मिळवले. ती गाईला अडवते खरी, पण बुजलेल्या जनावराची कासही फाडते. शेळी तर तारांमधून आरामात निसटते. तिला हवी बारीक घरांची, जमिनीला टेकलेली जाळी.

"साहेब, माही बकरी जाळीवरून उडी मारते. तिले कोन शिकवन?" एका म्हातारीने विचारले, आणि पार हास्यात बुडाला.

"माय, जाळीजवळ दगड नको, लाकडांचा ढीग नको. शेळी आधी पायरी शोधते, मग उडी मारते."

मग निघाली झटका मशीन. सूर्याच्या उन्हावर बॅटरी भरते आणि तारेत सेकंदा-सव्वा सेकंदाने एक ठोका जातो. ठोका हजारो व्होल्टचा, पण डोळ्याचे पाते लवण्याच्याही आत संपणारा. जनावर दचकते, मागे सरते, मरत नाही. गाय ओले नाक लावून एकदा शिकली की पुन्हा तारेच्या वाटेला जात नाही. मात्र तारेला गवत टेकता कामा नये, आणि जमिनीत पुरलेल्या सळईजवळ ओल हवी. उन्हाळ्यात आपली काळी माती सुकून भेगाळते, मग झटका लागतच नाही.

मागे बसलेला एक तरुण हळूच म्हणाला, "साहेब, घरची लाइनच तारेत सोडली तं? मशीनचे पैसे वाचतात."

भाऊजी क्षणभर थांबले. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ 'श्रीनिवास' नावाचा वाघ असाच मेला, हे त्यांनी सांगितले. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा तो बच्चा. घरची वीज २३० व्होल्टचीच, पण ती सलग वाहते. धरलेला हात सुटत नाही.

"वाघापायी आमी काहून रडावं?" तरुण म्हणाला. "रानडुकरं एका रातीत वावर साफ करतात!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. भाऊजींनीही ते खोडले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "रात्री लाइन आली की तुमच्या वावरात पाणी द्यायला कोण जातं?"

"बाप."

"धुऱ्यावरूनच ना?"

तरुणाने उत्तर दिले नाही. पारावरचे सगळेच गप्प झाले. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "मशीन केवढ्याले येते?" भाऊजींनी पिशवीतून कागद काढला आणि दोघे हिशेब मांडीत बसले.

आमच्या वस्तीत भिंतींवर काचा खोचलेल्या असतात. आतली माणसे बाहेरच्यांना अडवतात आणि निर्धास्त झोपतात. बाहेरून कोणाचा बाप यायचा आहे, हा प्रश्न आम्ही कुणी स्वतःला विचारीत नाही. शेतकऱ्याला तो विचारावाच लागतो. कारण त्याच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना त्याचीच माणसे चालत असतात.