चालता माग

सुरतेत हिशेबनिसाला मेहताजी म्हणतात. रिंग रोडवरच्या मार्केटात साड्यांच्या एका पेढीवर मी मेहताजी आहे. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीचं एक रिटर्न, 20 तारखेला दुसरं. मधल्या दिवसांत पार्सलं, चलनं, दलालांचे फोन आणि डागी निघाल्या म्हणून परत आलेल्या साड्या. दिवाळीआधी तर डबाही अर्धा परत जातो. अशा माणसानं कथा लिहायच्या कधी?

पहिली काही वर्षं मी रविवारची वाट पाहायचो. मार्केट बंद, वही उघडी, पेनही नवं. पण सहा दिवस ज्याच्याकडे फिरकलो नाही, ते पात्र सातव्या दिवशी ओळख दाखवायचं नाही. तासाभरात एक परिच्छेद, तोही खोडण्याच्या लायकीचा. मग बायको म्हणायची, “त्यापेक्षा भाजी तरी आणा.” आणायचो.

इलाज सापडला तो वडिलांच्या धंद्यात. आमचे नाना नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीनं आले आणि उधन्याच्या लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करत राहिले. खात्यात खडखडाट इतका, की कारागीर खुणांनीच बोलत. धागा तुटला की गाठ मारायची, कांडी संपली की बदलायची. पाळी सुटताना मात्र नानांचा एक नियम असे: माग बंद ठेवून उठायचं नाही, पुढच्याच्या हाती चालता माग द्यायचा. बंद मागाला हात लावणं माणसाच्या जिवावर येतं, म्हणायचे.

मीही वाक्य अर्धं सोडून उठायला लागलो. पुढचे दोन शब्द ठाऊक असतानाच थांबायचं. संध्याकाळी उधना दरवाज्याहून सचिनकडे जाणाऱ्या बीआरटीएसमध्ये उभ्या-उभ्या ते वाक्य डोक्यात चालत राहतं. सकाळी पेढीवर कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत ते रद्द बिलाच्या पाठीवर उतरतं. चार ओळी, कधी दोनच. शेठना वाटतं, मी बेरीज पडताळतोय.

याच सुरतेच्या गुजराती कवी नर्मदांनी 23 नोव्हेंबर 1858 ला शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीवर जगायचं ठरवलं. नर्मकोशासारखा शब्दकोश उभा केला, कर्जातही बुडाले आणि 1882 साली पुन्हा नोकरी धरली. माणूस मोठाच. पण त्यांची गोष्ट कळल्यापासून राजीनाम्याचा मसुदा मी मनातसुद्धा केलेला नाही. मला जवळच्या वाटतात त्या आमच्या खानदेशातल्या, आसोद्याच्या बहिणाबाई. लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता ओव्या सुचायच्या. कागदावर उतरवायला मुलगा सोपानदेव होता. पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यानंतर.

कष्टातून आपोआप कविता येते, असं मात्र कुणी मला सांगू नये. नानांनी जन्मात एक ओळ लिहिली नाही. पाळीवरून आले की ते नुसते झोपायचे, आणि आम्ही पोरं कुजबुजत खेळायचो.

हा मजकूर नऊ दिवसांत, बिलांच्या पाठीवर झाला. त्यातली दोन बिलं चुकून फाइलला लागली. ती अजून सापडलेली नाहीत.